मिट्टी निकली

ढुंढिराज आठल्येला मी सहावीत शिकवलं. त्याचा थोरला भाऊ विश्वेश आठ वर्षं आधी माझ्याच वर्गात होता. दोघांची अक्षरं मला अजून आठवतात. विश्वेशचं मोठं, ठसठशीत, खालच्या ओळीत पाय पसरणारं. एखादा शब्द चुकला तर त्यावर सरळ रेघ मारून तो पुढे जायचा. ढुंढिराज खोडायचा नाही. पान फाडायचा आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायचा. वर्षाच्या शेवटी त्याची शंभर पानी वही चाळीस पानांची उरलेली असायची. "अपुरी का होईना, वेळेवर दे रे," मी म्हणायची. "बाई, उद्या नीट करून देतो," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

आठल्यांचं घर काशीत, दूधविनायकात. सहा पिढ्यांची भिक्षुकी, शिंदे घाटावर बैठक. महाराष्ट्रातून आलेल्या यजमानांना उतरवून घ्यायचं, त्यांच्या पितरांचं श्राद्ध करायचं, त्यांना प्रयागला, गयेला नेऊन आणायचं, हे त्यांचं काम. विश्वेश मुंज झाल्यापासून त्यातच रमला. ढुंढिराज मात्र विसाव्या वर्षी मलदहियाच्या लोखंडबाजारामागे एका गॅरेजात जाऊन बसू लागला. वडील होते तोवर हे चाललं. मुलगा संध्याकाळी हात धुऊन पाटावर बसतो ना, एवढ्यावर ते समाधानी असत.

वडील गेले त्याला आता बारा वर्षं होतील. त्यांच्या तेराव्याच्या संध्याकाळी विश्वेशने यजमानांच्या वह्या बाहेर काढल्या आणि निम्म्या धाकट्या भावापुढे ठेवल्या. नागपूर, वऱ्हाड तुझा. पुणे, सातारा माझा. वाटणी सरळ होती, मनात खोट नव्हती. ढुंढिराजने वह्या परत सरकवल्या. तिथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण तो म्हणाला, "दुसऱ्याच्या घरी माणूस मरतं तेव्हा आपल्या घरी चूल पेटते. मला या मेलेल्यांशी काही घेणंदेणं नको, दादा."

तेरा दिवसांची जागरणं झालेला विश्वेश उठून उभा राहिला. "मग या घरच्या मेलेल्यांशीही नको ठेवूस."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. जेवायला आलेली पंधरा-वीस माणसं होती, त्यांनीही ऐकलं. दूधविनायकात भिंतीला भिंत लागून घरं. रात्रीपर्यंत सगळ्या गल्लीला पाठ झालं होतं.

तेव्हापासून ढुंढिराज गॅरेजवरच्या खोलीत राहू लागला. लग्न जमलं नाही. मराठी घरांना मिस्त्री जावई नको होता, आणि दुसरीकडे बघायला त्याच्याकडे कोणी माणूस नव्हतं. बाजारात त्याला सगळे 'पंडितजी' म्हणत. कपाळाला रोज गंध, हाताला रोज ग्रीस. शेजारी विश्वजीतची धूर तपासायची टपरी होती. गाडीच्या मागच्या नळीत कांडी घालायची, आकडे बघायचे, प्रमाणपत्र द्यायचं. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "पंडितजी के यहाँ गाड़ी छोड़ोगे तो महूरत से मिलेगी। जल्दी हो तो आगे बढ़ो।" गिऱ्हाईक हसायचं, आणि गाडी ढुंढिराजकडेच सोडून जायचं.

विश्वेशला दोन वर्षांपूर्वी फुप्फुसांचा आजार निघाला. फुप्फुसं आकसत जातात, इलाज फारसा नाही. घरात प्राणवायूचं यंत्र आलं, घाटावर जाणं थांबलं. त्याची पंधरा वर्षांची पांढरी गाडी मैदागिनला उभी असायची, कारण गल्लीत सायकलही जपून न्यावी लागते. गाडीची नोंदणी संपत आली होती. नूतनीकरणासाठी धुराची तपासणी करायला नेली, तर गाडी नापास झाली. अन्नपूर्णा, विश्वेशची बायको, म्हणाली, "आता कशाला हवी? विकून टाकू." विश्वेश उशीला टेकून बसला होता. दम घेत म्हणाला, "विकायची नाही. ढुंढ्याकडे दे. तोच बघेल."

अकरा वर्षांत त्या घरात हे नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं. अन्नपूर्णा स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि मग मला फोन करून म्हणाली, "बाई, यांनी गाडी भाऊजींकडे पाठवायला सांगितलीय." गाडीत पुन्हा बसण्याइतकी ताकद विश्वेशमध्ये नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं, त्यालाही. गाडी हे निमित्त होतं.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी त्यांची मुलगी ईशानी गाडी घेऊन मलदहियाला गेली. बावीस वर्षांची, विद्यापीठात एम.ए. करणारी, बोलायला चुणचुणीत. काकाला तिने शेवटचं पाहिलं तेव्हा ती परकरात होती.

"काका, ओळखलंस?"

ढुंढिराज तिच्याकडे पाहण्याआधी गाडीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आठल्यांचं नाक कुठे लपतंय?"

"बाबांनी पाठवलीय. म्हणाले, ढुंढ्याकडे दे, तोच बघेल."

"ढुंढ्या म्हणाला?"

"हो."

त्याने हातातलं फडकं उगाचच दोनदा घडी केलं. "कसा आहे?"

"मशीन लावूनच असतात. डॉक्टर म्हणतात, गर्मीपर्यंत वेळ निघेल." मग ती म्हणाली, "तू चल ना. आत्ता चल. खुश होतील."

"गाडी करतो आणि घेऊनच येतो," ढुंढिराज म्हणाला. "त्याने काम सांगितलंय. काम न करता तोंड दाखवायला कसा येऊ?"

बुधवारी अन्नपूर्णाच्या सांगण्यावरून मी गॅरेजात गेले. गाडी दोन बाजूंनी उचललेली होती आणि ढुंढिराज खाली पाठीवर पडला होता. माझा आवाज ऐकून सरपटत बाहेर आला, स्टुलावरची धूळ स्वतःच्या बाहीने पुसली. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, पण माझ्यासमोर उभा राहिला की अजून हात मागे बांधतो.

"काय झालंय रे गाडीला?"

असं विचारलं की ढुंढिराजचा चेहरा खुलतो. त्याने मला सगळं दाखवलं. इंजिनातून निघालेला धूर सायलेन्सरकडे जाण्याआधी एका लोखंडी डब्यातून जातो. गॅरेजात त्याला 'कैट' म्हणतात. आत मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी असते, तिच्यावर मौल्यवान धातूंचा मुलामा. विषारी धूर तिथे जळून निरुपद्रवी होतो. त्याने लाकडी हातोडीने डब्यावर हलकेच टकटक केली. आत काहीतरी खुळखुळलं.

"ऐकलंत? जाळी फुटलीय. तुकडे आडवे बसलेत. धूर बाहेर पडायला वाट नाही, म्हणून गाडीला पिकअप नाही. चढावर बसते." मग त्याने पुढचा सेन्सर काढून त्या जागी दाब मोजायचं घड्याळ लावलेलं दाखवलं, गाडी सुरू केली, रेस दिली. काटा चढत गेला. "दीडच्या वर जायला नको. हा बघा, सातावर आला." शेवटी पिस्तुलासारखं एक यंत्र घेतलं, त्याने लांबूनच उष्णता मोजता येते. डब्याच्या पुढच्या तोंडाशी तीनशे दहा, मागच्या तोंडाशी दोनशे चाळीस. "उलटं हवं, बाई. आत धूर जळला तर मागचं तोंड जास्त तापायला पाहिजे. हा डबा मेलाय."

"मग नवीन बसव."

"मागवलाय. लखनौहून उद्या बसने येतो. पण तो आज असता तरी बसवला नसता." त्याने काळ्या पडलेल्या प्लगांची ओळ माझ्यापुढे धरली. "डबा आपोआप मरत नाही. इंजिन ऑइल पितंय, तिसरं सिलिंडर मिसिंग करतंय. न जळलेलं पेट्रोल त्या जाळीवर जाऊन पेटतं. मूळ दोष तसाच ठेवून नवा डबा लावला, तर तोही सहा महिन्यांत जाईल. आधी व्हॉल्व्हची सीलं, मग कॉइल, मग डबा."

"आणि विश्वजीत म्हणतो ते? जाळी फोडून टाकायची, रिकामा डबा परत लावायचा?"

विश्वजीत टपरीतून ओरडला, "बहनजी, आधे घंटे का काम है! सारा शहर करता है।"

"सारा शहर खाँसता भी है," ढुंढिराजने उत्तर दिलं. मला हळूच म्हणाला, "दादाच्या गाडीतून तसला धूर सोडू? त्याच्या छातीला?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नंबर पाहून त्याने कपाळाला आठी घातली. "हाँ... नहीं निकली। निकली तो भी नहीं देनी है। मिट्टी मालिक को जाएगी।" आणि फोन ठेवला.

"कसली मिट्टी?"

"जाळीची. भंगारवाले तिची पूड करून त्यातला धातू काढतात, त्या पुडीला ते मिट्टी म्हणतात. कोणाच्या गाडीचा डबा बदलणार हे त्यांना वासानेच कळतं. वेगवेगळ्या नंबरांवरून फोन करतात. काल नऊ आले. 'मिट्टी निकली? मिट्टी निकली?' मी जुना डबा अख्खा मालकाच्या हातात देतो, हे बाजाराला ठाऊक आहे, तरी."

मी निघताना म्हटलं, "ढुंढिराज, गाडी होईल तेव्हा होईल. एकदा संध्याकाळी जाऊन ये रे."

"बाई, रिकाम्या हाताने कसा जाऊ? जाऊन म्हणू काय? अकरा वर्षांनी दारात उभा राहून काय म्हणतात?" तो थोडा हसला. "गाडीची किल्ली हातात असली की बोलायला विषय असतो. शनिवारी नक्की."

मला त्याचं म्हणणं पटलं. खरं सांगते, चांगलंच वाटलं. भावाचं काम मन लावून करतोय, आणखी काय हवं? मी त्याला पुन्हा टोकलं नाही.

गुरुवारी डबा आला. त्या रात्री ढुंढिराजने व्हॉल्व्हची सीलं बदलली. शुक्रवारी सकाळी जुना डबा काढायला घेतला. पंधरा वर्षांचा गंज, बोल्ट हलेनात. तेल सोडलं, गॅसने तापवले, शेवटी दोन बोल्ट ग्राइंडरने कापायला बसला.

त्याच शुक्रवारी सकाळी साडेआठला विश्वेश गेला. रात्रभर खोकला होता, पहाटे थोडा डोळा लागला, मग अन्नपूर्णाने चहा नेला तेव्हा श्वास वर लागलेला. डॉक्टर येईपर्यंत संपलं. डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंतचं सांगितलं होतं, आणि हा मार्गशीर्ष होता.

मुलगा नाही. अग्नी द्यायचा तर धाकटा भाऊ. अन्नपूर्णा पहिलं वाक्य बोलली ते हेच, "भाऊजींना बोलवा." ईशानीच्या फोनवर माणसांची रांग लागली होती, डॉक्टरांचा कागद आणायचा होता. तिने श्रीरामला सांगितलं. श्रीराम हा शिंदे घाटावरचा, म्हणजे हिंदीत सिंधिया घाटावरचा, नाववाला, विश्वेशच्या यजमानांना वीस वर्षं संगमापर्यंत, पंचगंगा घाटापर्यंत फिरवणारा, घरातलाच माणूस. त्याने स्वतःच्या फोनवरून नंबर लावला.

काशीत प्रेताला मिट्टी म्हणतात. मराठीतही आपण मातीला जाऊन आलो म्हणतो, तसंच. श्रीराम त्याच्या बोलीत म्हणाला, "गुरू, सिंधिया घाट से श्रीराम। मिट्टी दू बजे निकली।" आमच्या इकडच्या बोलीत 'निकली' म्हणजे 'निघेल'. बाजाराच्या हिंदीत त्याच 'निकली'चा अर्थ 'निघाली'. मी जन्मभर मुलांना काळ शिकवले. एकच रूप एकीकडे भविष्यकाळ आणि दुसरीकडे भूतकाळ असतं, हे एखाद्या वर्गात गंमत म्हणूनही सांगितलं असेल.

ढुंढिराज गाडीखाली होता. एका हातात ग्राइंडर, तो पुरता थांबलाही नव्हता. फोन खांद्याने कानाशी दाबलेला. नाव त्या घरघरीत गेलं, घाट गेला, दोन वाजले ते गेले. राहिलं ते रोजचंच: मिट्टी, निकली.

तो ओरडला, "मिट्टी से मेरा कोई लेना-देना नहीं! कितनी बार बोलूँ? फिर फोन मत करना।"

आणि फोन बंद करून ठेवून दिला, म्हणजे काम होईपर्यंत भंगारवाल्यांची कटकट नको.

श्रीराम तसाच उभा राहिला. ईशानीने विचारलं, "काय म्हणाला काका? निघाला?" श्रीरामला खोटं बोलता आलं नाही. "बिटिया," तो म्हणाला, "कहत हौ, मिट्टी से कउनो लेना-देना नाहीं।"

अंगणात बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. हेच शब्द या माणसाने याच अंगणात एकदा उच्चारले होते. कोणी तरी म्हणालंही, "शब्दाला पक्का आहे." ईशानीने एकदा स्वतः फोन लावून पाहिला. बंद. मग तिने तो पदराला बांधावा तसा ओढणीच्या टोकात गुंडाळला आणि आत जाऊन आईला म्हणाली, "आई, अग्नी मी देणार."

गल्लीतून दोन वाजता विश्वेशला नेलं. ईशानी पुढे मडकं घेऊन चालली. घाटावर दोघं-चौघं कुरकुरले, श्रीरामने त्यांना गप्प केलं. मला सिगऱ्याला घरी निरोप पोचला तो साडेतीनला, रिक्षा गोदौलियाला अडकली, आणि मी दूधविनायकात आले तेव्हा पाच वाजत आले होते. माणसं परतली होती. विश्वेशला ठेवलं होतं त्या जागी पिठावर दिवा लावलेला. मी अन्नपूर्णाजवळ बसले. थोड्या वेळाने विचारलं, "ढुंढिराज कुठे दिसत नाही?"

ईशानीने मला त्याचे शब्द सांगितले. जसेच्या तसे, हिंदीत.

मिट्टी हा शब्द मी दोनच दिवसांपूर्वी त्याच्या तोंडून त्या दुसऱ्या अर्थाने ऐकला होता. तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. मलाही तेराव्याची ती संध्याकाळच आठवली, आणि मी मनातल्या मनात त्याला दोष दिला.

मलदहियाला तोवर गाडी खाली उतरली होती. नवा डबा, नवी गॅस्केटं, नवे बोल्ट. ढुंढिराजने वीस मिनिटं इंजिन तापवलं, मग उष्णता मोजली. पुढे तीनशे पाच, मागे तीनशे साठ. विश्वजीतने नळीत कांडी घातली, आकडे बघितले आणि म्हणाला, "पंडितजी, गंगा-स्नान करा दिए क्या इसको? नई गाड़ी से कम धुआँ है।" प्रमाणपत्र छापून दिलं. शनिवारचं काम शुक्रवारी झालं होतं. ढुंढिराजने आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, जुना डबा फडक्यात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवला आणि गाडी मैदागिनला आणून लावली. फोन बंदच होता. त्याला त्याची आठवणही नव्हती.

साडेसहाला तो गल्लीतून चालत आला. हातात किल्ली, बगलेत तो फडक्यातला डबा. ओट्यावर श्रीराम बसला होता. तो उठला आणि बाजूला झाला. ढुंढिराज हसून म्हणाला, "का हो श्रीराम, पहिचानत नाहीं का?" आणि उंबऱ्याशी वाकून चपला काढता काढता मोठ्याने म्हणाला, "दादा, तुझी गाडी आणली रे!"

मी आत होते. तो आवाज माझ्या डोक्यातून जात नाही.

दिवा त्याने पाहिला. अन्नपूर्णाचं कपाळ पाहिलं. ईशानीचे ओले केस पाहिले. मग हातातला डबा कुठे ठेवावा ते त्याला कळेना. तो त्याने शेवटी खाली ठेवला, फार हळू, जसा काही त्याचा आवाज व्हायला नको होता.

"केव्हा?" तो म्हणाला.

"तुला सांगितलं होतं केव्हा," ईशानी म्हणाली. "श्रीरामकाकांनी सांगितलं. तुला लेना-देना नव्हतं."

"मला कोणी..." तो थांबला. त्याने श्रीरामकडे वळून पाहिलं. मग खिशातून फोन काढला, सुरू केला. नंबर बघितला. त्याचे ओठ हलले. 'मिट्टी निकली' हे शब्द तो म्हणून पाहत होता, एकदा या अर्थाने आणि एकदा त्या. मग भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

त्याने स्वतःच्या बचावाचं एक अक्षर काढलं नाही. ते मी सांगितलं. भंगारवाले, त्यांची मिट्टी, ग्राइंडर, नऊ फोन, सगळं. श्रीराम ऐकता ऐकता कपाळ बडवायला लागला, "हे भगवान, नाम जोर से लेवे के रहल।" अन्नपूर्णा दिव्याकडे बघत होती. ती म्हणाली, "कळलं, बाई. चूक झाली. कोणाचीच नाही म्हणा."

मला वाटलं, निदान एवढं तरी सुटलं.

पण ईशानी तशीच उभी होती. तिचा आवाज चढला नाही. "काका, शब्दाची चूक मला मान्य आहे. फोनचं मी विसरेन. पण सोमवारी मी तुझ्याकडे आले होते. सोमवार, मंगळ, बुध, गुरू. मलदहियाहून इथे चालत पाऊण तास लागतो."

तो वर बघेना.

"रोज चारनंतर ते सदरा घालून बसायचे," अन्नपूर्णा म्हणाली. "मशीनची नळी नाकात, आणि वर इस्त्रीचा सदरा. मी म्हणायची, आडवे व्हा. तर म्हणायचे, गाडी आली की मैदागिनपर्यंत बघायला जाऊ. दोन पायऱ्या उतरवत नव्हत्या त्यांना. सात वाजेपर्यंत बसून राहायचे. मग म्हणायचे, आज काम झालं नसेल त्याचं."

"मी येणार हे त्याला..." ढुंढिराजने दिव्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "वहिनी, गाडी नसती तर मी काय म्हणून आलो असतो?"

खाली गल्लीतून कोणाची तरी दुसरी मिट्टी मणिकर्णिकेकडे चालली होती, 'राम नाम सत्य है' जवळ आलं आणि दूर गेलं.

ज्याने अग्नी दिला त्यानेच दहा दिवसांचं सगळं करायचं असतं. गुरुजींनी विचारून पाहिलं, आता सख्खा भाऊ आलाय, तर त्याला बसवायचं का? ईशानी म्हणाली, "नाही. सुरू मी केलंय." ढुंढिराजने मान खाली घालून ते ऐकून घेतलं. त्याने गॅरेज बंद केलं, सुतक पाळलं, जमिनीवर निजला. रोज सकाळी पाऊण तास चालत यायचा, ओट्यावर बसायचा, दुपारी परत जायचा. आत या असं कोणी म्हणालं नाही, जा असंही नाही. तिसऱ्या दिवसापासून अन्नपूर्णा त्याच्यासाठी बाहेर चहा पाठवू लागली. पेला तो स्वतः विसळून ठेवायचा.

दहाव्या दिवशी शिंदे घाटावर पिंड झाले. थंडी होती, पाण्यावर धुकं. ढुंढिराजने मुंडन करवून घेतलं होतं आणि तो चार पायऱ्या वर, एकटा बसला होता. तिलांजलीची वेळ आली. भाऊबंदांतले तिघं-चौघं एकामागून एक पुढे आले, ओंजळीतून तीळपाणी सोडून बाजूला झाले. त्या दिवशी बसलेले गुरुजी दुसरेच, बाहेरगावचे होते, त्यांना माणसं ठाऊक नव्हती. त्यांनी विचारलं, "सगोत्रांपैकी आणखी कोणी आहे का?"

ईशानीच्या हातात दर्भ होता. तिने मागे वळून पाहिलं नाही. इतका वेळ गेला की गुरुजी पुढचा मंत्र म्हणायला लागणार, एवढ्यात ती म्हणाली, "काका आहे."

"कोण? कुठे?"

"वर बसलाय. बोलवा त्याला."

ढुंढिराज उतरून आला. ओंजळ पुढे केली. नखांच्या कडांना ग्रीस होतं, दहा दिवस घासूनही न गेलेलं. गुरुजींनी तीळ घातले, ईशानीने पळीने पाणी सोडलं. "नाव घ्या," गुरुजी म्हणाले. त्याच्या तोंडून पहिल्यांदा 'दादा' असंच गेलं. "पूर्ण नाव, गोत्र म्हणा." मग त्याने विश्वेशचं नाव घेतलं, वडिलांचं घेतलं, गोत्र म्हटलं, आणि पाणी सोडलं. बोटांमधून ते आधीच निम्मं गळलं होतं.

वर जाताना त्याने ईशानीसमोर गाडीची किल्ली धरली. "इन्शुरन्स फेब्रुवारीत संपतो," तो म्हणाला. "नोंदणीचे कागद मी भरून ठेवलेत. तू फक्त सही कर."

तिने किल्ली घेतली. "ठीक आहे," म्हणाली. आणि थोड्या वेळाने, पायऱ्या चढता चढता, "त्या सोमवारी आणली कशीबशी, पण मला चालवायला भीती वाटते मैदागिनच्या गर्दीत."

"मी सोडून देईन, सांग तेव्हा."

"बघू," ईशानी म्हणाली, आणि आईचा हात धरून पुढे गेली.

अजून तिने सांगितलेलं नाही. चार महिने झाले. तो दर रविवारी मैदागिनला जातो, त्याच्याकडे राहिलेल्या दुसऱ्या किल्लीने गाडी सुरू करून वीस मिनिटं चालू ठेवतो आणि पुन्हा बंद करतो. दूधविनायक तिथून पाच मिनिटांवर आहे. मी त्याला परवा म्हटलं, "अरे, इतका जातोस, घरी डोकावून ये." तो म्हणाला, "जातो, बाई. ओट्यापर्यंत जातो. वहिनी चहा देतात." मी विचारलं, "आणि ईशानी?" त्याने बराच विचार केला, आणि मग अगदी जपून, जे आहे तेवढंच सांगितलं. "मी जातो तेव्हा ती घरी असते," तो म्हणाला.